नवव्या घरातली एकतीस मिनिटं

"बारा," मास्तर घड्याळाकडे बघत म्हणाले आणि मी प्रश्न अर्धवट सोडून उठले.

आठव्या घरातली म्हातारी मला तिच्या गुडघ्याबद्दल सांगत होती. गुडघ्याचा आमच्या फॉर्मशी काही संबंध नव्हता. पण 'सगळं ठीक आहे' याच्या पलीकडे ती पहिल्यांदाच काहीतरी बोलत होती, म्हणून मला उठवेना. मास्तर मात्र शिडी उतरायलाही लागले होते.

त्या डोंगरातली घरं लाकडी खांबांवर उभी असतात. खाली डुकरं, वर माणसं. शिडीच्या पायथ्याशी जिल्हा कचेरीचे लिएन साहेब सिगारेट ओढत उभे होते.

"आजीबाईंना गरम पाण्यानं शेकायला सांगा," ते हसून म्हणाले.

फळ्यांच्या भिंतींमधून खाली सगळं ऐकू येतं. ते त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही, आणि आत बसलेल्यांना तर सगळ्यात जास्त.

त्या देशाचं आणि त्या लोकांचं नाव मी लिहीत नाही. नोकरीला लागताना तशा कागदावर सही केली होती, आणि ती माणसं अजून तिथेच आहेत. इथली नावंही बदललेली आहेत. एवढंच सांगते की डोंगरातली ही बारा कुटुंबं चार वर्षांपूर्वी सरकारला भिऊन सीमेपलीकडे पळाली होती. दोन वर्षं तिकडच्या छावणीत राहिली. मग दोन सरकारं आणि आमची आंतरराष्ट्रीय संस्था यांच्यात करार झाला, आणि त्यांना परत आणलं गेलं. परत आलेल्यांना कोणी त्रास देत नाही ना, हे दर तीन महिन्यांनी प्रत्येक घरी जाऊन बघायचं, हे आमचं काम. चौदा प्रश्न होते. घराचं छप्पर नीट आहे का, जमीन परत मिळाली का, मुलं शाळेत जातात का. चौदावा होता : काही तक्रार आहे का?

चौदाव्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं.

बारा मिनिटांचा नियम संस्थेच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमचे दुभाषी. राजधानीतल्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आई डोंगरातली म्हणून ती भाषा येणारे. माझ्याशी इंग्रजीत बोलायचे आणि मला 'डॉटर' म्हणायचे. मी ते मनात 'पोरी' असंच ऐकायचे.

"पोरी, एक लक्षात ठेव," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "प्रत्येक घरी सारखा वेळ बसायचं. जेवण वाढलं तरी, कोणी रडलं तरी. ज्या घरात आपण जास्त बसतो ते घर बोललं, असं कचेरीवाले धरतात."

"आणि मग?"

"मग आपण गाडीत बसून खाली शहरात जातो," मास्तर म्हणाले. "ते घर कुठे जात नाही."

नववं घर मेरानचं. नवरा तूक, सासू आणि एक लहान बाळ. बाळ नऊ महिन्यांचं. मला ते नक्की ठाऊक होतं, कारण ते आणि माझी मनू एकाच आठवड्यातले. मनूला मी खाली शहरात आईकडे ठेवून आले होते. नवरा पुण्यात, प्रोजेक्ट अर्धवट टाकून येता येत नव्हतं. मग संगमनेरहून आईच आली, पासपोर्टवरचा पहिला शिक्का नातीसाठी घेऊन. अंगावर पिणारी पोर घेऊन नोकरी कशाला करायची, हे तिनं विमानतळावरच विचारून घेतलं होतं. फिरतीच्या दिवशी मी पहाटे पाजून निघायचे, ते संध्याकाळी पोचेपर्यंत जिवात जीव नसायचा. तिथे असताना इथलं डोक्यात, इथे असताना तिथलं.

तूक दाराशी बसून वेताची टोपली विणत होता. एका हातानं विणत होता. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

"हाताला काय झालं?" मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मात होता, चौथा, आरोग्याचा.

मास्तरांनी भाषांतर केलं. तूक काहीतरी म्हणाला.

"झाडावरून पडला म्हणे. मध काढायला चढला होता."

मी 'झाडावरून पडणे' लिहिलं. छप्पर, जमीन, बियाणं, सगळी उत्तरं ठीक. नवव्या प्रश्नाला मेरानच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं. भुकेचं रडणं होतं. ते ऐकलं मात्र, आणि मला पान्हा फुटला. सकाळपासून छाती दगडासारखी झालेली होती. कुडत्यावर दोन ओले डाग पसरत गेले. मी फाइल छातीशी धरली. मास्तरांनी ताबडतोब छपराकडे बघायला सुरुवात केली.

मेराननं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फाइलकडे. मग ती बाळाला काखेत घेऊन उठली आणि मला हातानं 'चल' म्हणाली.

त्यांच्या घरात चुलीच्या मागे बांबूचा एक पडदा असतो. त्याच्या आत अंगावर पाजणारी बाई बसते. तिथे पुरुषांनी जायचं नसतं, नवऱ्यानंही नाही. हे मला नंतर मास्तरांनी सांगितलं. तेव्हा फक्त इतकंच कळलं की मास्तर जागचे हलले नाहीत, आणि आत जाताना मेरान सासूला एक शब्द बोलली. सासू उठली, उखळाशी गेली आणि भात कांडायला लागली. धप्प, धप्प. सगळं घर हादरायला लागलं.

मेराननं मला एक लाकडी वाडगा दिला. मी भिंतीकडे तोंड करून त्यात दूध काढायला लागले. ती शेजारी बसून बाळाला पाजत होती.

"युवर बेबी, हाउ मेनी मंथ?" ती म्हणाली.

मी दचकले. तिला इंग्रजी येतं हे आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. छावणीतल्या शाळेत शिकली होती, दोन वर्षं.

"नऊ," मी म्हटलं. "मुलगी."

"माझा मुलगा. नऊ." मग त्याच सुरात, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "तूक झाडावरून पडला नाही."

पुढचं सगळं तिनं तुकड्यातुकड्यात सांगितलं. मुसळ आपटलं की बोलायची, मुसळ वर गेलं की थांबायची. दर सोमवारी तूकला चौकीवर हजेरी द्यावी लागते. सीमेपलीकडे अजून कोण कोण राहिलंय, कुठे राहतात, त्यांची नावं द्या म्हणतात. तिचा भाऊ तिकडेच आहे. तूक नावं देत नाही. मागच्या महिन्यात सोमवारी गेला तो शुक्रवारी आला. आला तेव्हा हात असा झाला होता. दर सोमवारी तो निघतो तेव्हा ती सासूला काही सांगत नाही, आणि सासूही काही विचारत नाही.

"हे मी लिहिते," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बोललं होतं. "आपण संस्थेकडे, वरती..."

"नो." तिनं माझं मनगट धरलं. "लिहू नको. त्यांना कळेल, ह्या घरातून गेलं."

"मग मला का सांगतेस?"

तिला शब्द सापडेनात. दोनदा सुरुवात करून तिनं सोडून दिलं. मग म्हणाली, "तू विसरणार नाहीस. तो शुक्रवारीसुद्धा आला नाही, तर कोणीतरी विचारेल. तूक कुठे आहे, असं. तू विचार."

मी हो म्हटलं.

वाडगा भरला होता. काय करायचं मला कळेना. मेराननं तो घेतला, बाळाच्या ओठाला लावला आणि थोडं पाजलं. माझ्याकडे बघून हसली. तिचा एक दात किडलेला होता. ती माझ्याहून लहान असावी, तेवीस-चोवीसची.

मी बाहेर आले तेव्हा मास्तर उभे होते. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता.

"एकतीस," ते म्हणाले.

खाली लिएन साहेबांनी माझी चौकशी केली. "तब्येत बरी आहे ना मॅडम? मला काळजी वाटली. किती वेळ झाला." बोलता बोलता त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं, आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. ते नेहमीच काहीबाही लिहीत असत.

"बायकांचं काम होतं," मी म्हटलं.

"अर्थात, अर्थात."

ते पुढे निघाले. मास्तर मुद्दाम बुटाची नाडी बांधायला थांबले आणि मीही थांबले.

"बोलली का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी तोंड उघडलं तोच त्यांनी हात वर केला.

"सांगू नकोस मला. ऐक. तीन घरं राहिलीत. प्रत्येक घरी अर्धा तास बसायचं आता. मग म्हणायचं, सकाळचे फॉर्म अपुरे राहिले, आणि पहिल्या दोन घरी परत जायचं. तिथेही अर्धा तास. म्हणजे कुठलंच घर वेगळं दिसणार नाही. अडीच तास लागतील. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

दहाव्या घराकडे वळतो तोच गाडीतून ड्रायव्हरनं हाक मारली. वायरलेसवर माझ्यासाठी निरोप होता. डोंगरात फोन लागत नसत. शहरातल्या ऑफिसमधून गाडीच्या वायरलेसवरच बोलावं लागायचं, आणि ते चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी धावत गेले. खरखरीतून आईचा आवाज आला.

"अगं, ऐकू येतंय का? मनूला ताप आहे. एकशे दोन. ओव्हर म्हणायचं का आता? ओव्हर."

"कधीपासून? ओव्हर."

"दहा वाजल्यापासून. बाटली तोंडात घेत नाहीये, सारखी थुंकतेय. ऑफिसातल्या त्या पोरीनं डॉक्टरला फोन केला, तो संध्याकाळी येतो म्हणतोय. इथली भाषा मला येत नाही, मी कोणाला काय सांगू? तू ये बाई. ओव्हर."

"अंग पुसून काढ. मी..."

"मघाशी डोळे फिरवल्यासारखे केले तिनं."

ती ओव्हर म्हणाली नाही. नुसती खरखर येत राहिली.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजत आले होते. खाली उतरायला साडेतीन तास. त्यातला वरचा घाट ओलांडायलाच दीड तास, आणि चारनंतर घाटात धुकं उतरतं, मग ड्रायव्हर गाडी हलवत नाही आणि वरच्या चौकीच्या विश्रामगृहात मुक्काम करावा लागतो. अडीच तास थांबायचं म्हणजे त्या दिवशी मनूपर्यंत पोचायचंच नाही.

मास्तर मागे येऊन उभे राहिले होते. लिएन साहेब जरा लांब, पण इतके लांब नाहीत.

"मला निघायला हवं," मी म्हटलं.

"पोरी, दोन घरांत तरी अर्धा तास बस. एक तास. तेवढ्यानंही फरक पडेल."

"एक तास थांबलो तर घाटात धुकं गाठेल. तुम्ही ऐकलंत ना काय म्हणाली आई?"

"ऐकलं."

"मनूचं काही झालं तर? तुम्ही याल सांगायला?"

मास्तर नवव्या घराकडे न बघता म्हणाले, "तिथेही एक आहे."

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी मला मेरानचासुद्धा राग आला. कोणी सांगितलं होतं तिला मला आत न्यायला? मी म्हटलं, "मास्तर, राहिलेली तीन घरं दारातूनच करून टाकू. चला."

तीन घरं मी वीस मिनिटांत संपवली. शिडी चढलेसुद्धा नाही. खालूनच चौदा प्रश्न विचारले आणि त्यांनी वरून उत्तरं दिली. ठीक, ठीक, ठीक. मेरान तिच्या दारात बाळाला घेऊन उभी होती. आमची गाडी सुरू झाली तेव्हा तिनं हात वगैरे हलवला नाही. आम्ही इतक्यात निघालो हे तिला कळेपर्यंत आम्ही वळणापाशी पोचलो होतो.

सहाच्या सुमाराला मी घरात पाऊल टाकलं. मनू आईच्या मांडीवर बसून चमचा चावत होती.

"उतरला गं ताप, तासाभरापूर्वीच," आई म्हणाली. "मी उगीच घाबरले. हे बघ." तिनं मनूचा खालचा ओठ बोटानं दाबून दाखवला. हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं दिसत होतं. "दात येतोय बाईसाहेबांना. तुझ्या वेळीही असंच केलंस तू. तेव्हा मी तुझ्या आजीला शेतातून बोलावून घेतलं होतं."

मी मनूला छातीशी घेतलं आणि हसले. आई पण हसली. चांगली पाच मिनिटं आम्ही हसत होतो.

मी काही लिहिलं नाही. मेरानला शब्द दिला होता. फॉर्मवर नवव्या घरापुढे 'झाडावरून पडणे' एवढंच राहिलं. मधल्या काळात वर जायची परवानगी मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा उत्तर आलं की करारानुसार तीन महिन्यांनीच. तीन महिन्यांत तेरा सोमवार येतात, आणि दर शुक्रवारी दुपारी मी काम थांबवून काही वेळ नुसती बसायचे.

पुढच्या फेरीला आम्ही पोचलो तेव्हा नवव्या घराच्या शिडीवर अनोळखी माणूस बसला होता. खालच्या मैदानी भागातला, वेशावरून कळत होतं. त्याची बायको मेरानच्या दारात कपडे वाळत घालत होती. बाळाचे नव्हते.

"इथे राहणारी माणसं?" मी लिएन साहेबांना विचारलं.

"गेली. दीड महिना झाला असेल. स्वखुशीनं गेली, तसा अर्ज आहे." त्यांनी तो फाइलमधून काढूनही दाखवला.

"कुठे गेली?"

"दक्षिणेला, नातेवाईकांकडे. पत्ता दिला नाही त्यांनी."

"तूक कुठे आहे?"

मी शब्द पाळला. विचारलं. लिएन साहेबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"नाव लक्षात ठेवलंत तुम्ही," ते म्हणाले. "बाराही कुटुंबांची नावं लक्षात आहेत का?"

मला त्यांतली चार आठवली असती.

"मागच्या वेळी तुम्ही त्या घरी बराच वेळ होतात," ते अगदी सौजन्यानं म्हणाले. "बाकी कुठेच नाही. आम्हाला वाटलं, त्यांची काही विशेष अडचण असेल. म्हणून मग आम्हीही त्यांची विचारपूस केली."

मास्तर जमिनीकडे बघत होते.

आम्ही पहिल्या घराशी गेलो. घरमालक शिडीच्या वरच्या पायरीवर आला आणि मास्तरांशी दोन वाक्यं बोलला.

"नको म्हणतोय," मास्तर म्हणाले.

"काय नको?"

"आपली भेट. नाकारायचा हक्क आहे त्यांना. करारात आहे."

दुसरं घर, नको. तिसऱ्या घरानं दार उघडलंच नाही. आठव्या घरातली गुडघ्याची म्हातारी शिडीच्या पायथ्याशी भाजी निवडत होती. आम्हाला पाहिल्यावर ती उठली, आणि तो दुखरा गुडघा घेऊन एकेक पायरी चढत वर गेली. तिला वर पोचायला फार वेळ लागला. तोपर्यंत आम्ही तिघं तिच्या पाठीकडे बघत उभे होतो. मग तिनं दार लावून घेतलं.

अकराच्या अकरा घरांनी भेट नाकारली.

गाडीपाशी येऊन मी फॉर्म काढला. नवव्या घरापुढे दोनच चौकटी होत्या : 'स्वेच्छेने स्थलांतर' आणि 'बेपत्ता, चौकशी आवश्यक'.

"मी बेपत्ता लिहिणार आहे," मी मास्तरांना म्हटलं.

"कशाच्या आधारावर?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही. तू सांगितलं नाहीस." त्यांचा आवाज खाली गेला. "आधार विचारतील. काय सांगशील? चौकी, सोमवार, असलंच काही असेल ना? ते तुला कोणी सांगितलं? तूक अजून त्यांच्या हातात असेल पोरी. ती असेल, पोर असेल. ती बोलली असा त्यांना आत्तापर्यंत नुसता संशय आहे. तुझ्या सहीनं त्याचा पुरावा होईल."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर ते स्वखुशीनं गेले."

"मास्तर, तुम्ही सांगा काय लिहू."

"मी भाषांतर करतो," मास्तर म्हणाले. "काय करायचं ते त्या दिवशी सांगितलं होतं, तेवढं एकदाच."

फॉर्मच्या तीन प्रती असत. एक आमची, एक राजधानीत, एक तिथल्या तिथे जिल्हा कचेरीला. मी बॉनेटवर फाइल टेकवली. पहिल्या चौकटीत खूण केली, सही केली आणि पिवळी प्रत लिएन साहेबांना दिली.

त्यांनी ती पूर्ण वाचली. नीट घडी करून खिशात ठेवली.

"तुमची मुलगी कशी आहे आता?" ते म्हणाले. "त्या दिवशी वायरलेसवर तुमच्या आई फार घाबरल्या होत्या. भाषा समजली नाही, पण आवाज कळतो."

"बरी आहे. दात येत होता."

"माझ्या धाकट्याचंही असंच व्हायचं." ते हसले. "तुम्ही लगेच निघालात, बरं केलंत. आईनं आधी आपलं मूल बघावं."

मी त्यांना थँक्यू म्हटलं आणि गाडीत बसले.